एकट्याच्या मापाची चेन

मला दुकानदारांशी भांडायला आवडतं. सुरतेच्या लिंबायतमध्ये आलो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि मोठा भाऊ, एवढंच होतं. पुढे जे काही झालं ते तोंडाच्या जोरावर. भाव पाडताना माझा आवाज चढतो, कपाळावरची शीर उभी राहते आणि शेवटी समोरचा कंटाळून म्हणतो, घ्या बाबा, न्या. फक्त एका माणसाशी मला कधी घासाघीस करता आली नाही. त्याने ती करूच दिली नाही. ही तक्रार घेऊन मी इतकी वर्षं बसलो आहे, आणि ती एका मोटरसायकलच्या चेनपासून सुरू होते.

दादा उधन्याच्या एका कारखान्यात जॉबर होता. माग बंद पडला की तो चालू करायचा, सुटं झालेलं घट्ट करायचं, झिजलेलं बदलायचं, हे त्याचं काम. मला सुरतेला त्यानेच आणलं, त्याच कारखान्यात मागावर उभं केलं. माझं तिथे जमलं नाही. शेठशी एकदा मजुरीवरून वाजलं आणि मी मधल्या सुट्टीतच बाहेर पडलो. मग बाजारातून बारीक खोट असलेल्या साड्या उचलायच्या, कुठे धागा निघालेला, कुठे छपाई सरकलेली, आणि त्या आपल्या खानदेशी वस्त्यांमधून दारोदार विकायच्या, असा धंदा सुरू केला. आधी पायी, मग सायकलवर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघांनी मिळून एक जुनी, शंभर सीसीची मोटरसायकल घेतली. दादाची पाळी सुटली की तो गाडी काढायचा, मी मागे साड्यांचे गठ्ठे मांडीवर आणि दोघांच्या मध्ये घेऊन बसायचो. गाडी तो चालवायचा, तोंड मी चालवायचो. दारापुढे माझा आरडाओरडा चालू असताना तो गाडीला टेकून गालात हसत उभा असायचा. कुणी बाई म्हणाली की, "तुमचा भाऊ फार बडबड करतो," तर तो म्हणायचा, "त्यानीच पोट भरस, ताई." घरात आणि आपल्या माणसांत आम्ही अहिराणीच बोलायचो, म्हणून त्याचे शब्द आठवतात तसेच लिहितो आहे.

एका खोलीत आम्ही दोन भाऊ, दोघांच्या बायका आणि दादाची मुलगी, असे राहायचो. मध्ये साडीचा पडदा. चूल एकच होती. मला त्यात काही अडचण वाटत नव्हती. इतरांना वाटत असणार, कारण एका उन्हाळ्यात माझी बायको नळावरून पाणी घेऊन आली ती हंडा खाली न ठेवताच म्हणाली, "दादा डिंडोलीला खोली पाहून आले म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"वहिनींच्या माहेरचं माणूस. त्यांच्याच शेजारची खोली आहे."

मी तिच्यावर ओरडलो, नळावरच्या गप्पा घरात आणू नको म्हणून. पण ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. दादा वेगळा होणार. वस्तीला माहीत होतं, नळाला माहीत होतं, फक्त मला त्याने सांगितलं नव्हतं. आणि मी विचारणार नव्हतो. जो आधी विचारतो तो हरतो, हे मी बाजारात शिकलो होतो. गिऱ्हाइकाने "केवढ्याला?" म्हटलं की ते अर्धं तुमचं झालं. म्हणून मी गप्प राहिलो. दादा तर मुळातच गप्प. आम्ही रोज एकाच गाडीवर बसून जात होतो आणि तेवढा एक विषय सोडून सगळं बोलत होतो.

अशातच गाडीची चेन कुरकुर करायला लागली. मग घसरायला लागली. लिंबायतच्या गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या त्या बोळातून, गठ्ठ्यांसकट वर चढताना मागून खाडकन आवाज यायचा, इंजिन ओरडायचं आणि गाडी जागेवरच. मागे रिक्षांचे हॉर्न. मी उतरून ढकलायचो, रिक्षावाल्यांना शिव्या द्यायचो. एकदा वर आल्यावर दादाने गाडी बाजूला घेतली, चेनच्या पेटीचं रबरी बूच काढून आत बोट घातलं. चेन लुळी पडली होती. "रविवारी बदली टाकू," तो म्हणाला. "पुरा सेट."

मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की मी तिथेच त्याला उसाचा रस पाजला.

घरी आल्यावर बायकोला बाजूला घेऊन म्हटलं, "तुमच्या नळाला सांग, दादा कुठे जात नाही. मोडायच्या घराला कुणी रंग देतं का?" गाडी दोघांची होती. जाणारा माणूस दोघांच्या गाडीत नवी चेन आणि दोन नवी स्प्रॉकेटं, म्हणजे चेन फिरवणारी दातेरी चाकं, कशाला बसवील? तो म्हणेल, चालतंय तोवर चालू दे, पुढचं पुढे. मला हिशेब स्वच्छ दिसत होता. आयुष्यभर माणसांच्या चेहऱ्यावरून भाव ओळखणाऱ्या माणसाचा हिशेब होता तो.

रविवारी सकाळी आम्ही उधन्याला गेलो. सुट्ट्या भागांच्या त्या दुकानाचं शटर रविवारी अर्धंच उघडं असायचं. दुकानदार मला ओळखत होता. मी वाकून आत शिरलो तसा त्याने कपाळाला हात लावला.

"रोज आवो छो, रोज झघडो छो," तो म्हणाला. "घेर कोई नथी झघडवावाळुं?"

"घरचे सगळे ऐकून घेतात," मी म्हटलं, "म्हणून तर तुमच्याकडे यावं लागतं."

तो हसला आणि मी सुरू झालो. चेन हातात घेऊन आडवी धरली, किती वाकते ते पाहिलं, खोक्यावरचा छाप खोटा आहे म्हटलं, बाजूच्या दुकानाचं नाव काढलं, निघालो, पायरी उतरलो, परत चढलो. भाव ठरत आला. मग मी म्हटलं, मागचं स्प्रॉकेट मोठं द्या, दोन दाते जास्तीचं. आमच्या गाडीला तसंच होतं. दादानेच ते बसवलं होतं, दोन माणसं आणि गठ्ठे ओढायला जोर यावा म्हणून.

दादा तोवर बाहेर उभा होता. त्याने शटरखालून डोकं आत घातलं. "मोठं नको," तो म्हणाला. "कंपनीनं जे ऱ्हास तेच दे."

"कसाले? गठ्ठा कोण ओढी?"

"हाई बरं शे. पेट्रोल कमी लागी."

मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. पेट्रोलचं नाव काढलं की माझं तोंड मिटतं. शिवाय मला वाटलं, दादा पुढचा विचार करतो आहे, महिन्याचा, वर्षाचा. आनंदात असलेला माणूस वाईट गिऱ्हाईक असतो. त्याला काहीही खपतं.

दुपारी गल्लीत, भिंतीच्या सावलीत गोणपाट अंथरून आम्ही गाडी उभी केली. मेकॅनिककडे जायचा प्रश्नच नव्हता. कारखान्यात दिवसभर हेच करणारा माणूस घरात होता. दादाने पाने ओळीने मांडले, केरोसीनचा डबा घेतला, जुनं धोतर फाडून चिंध्या केल्या. पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण काढलं तर आत काळ्या चिखलाचा थर. तो त्याने बोटाने खरवडला आणि म्हणाला, ही सगळी गरनाळ्याची माती.

"मागला ब्रेक दाबी धर," त्याने सांगितलं. चेन चढलेली असतानाच पुढचे बोल्ट सैल करावे लागतात, नाहीतर स्प्रॉकेट नुसतं फिरत राहतं. मी खाली बसून हाताने पेडल दाबून धरलं. बोल्ट हलेना. मी कंपनीला, बोल्टला आणि ज्याने तो आधी आवळला त्याला शिव्या दिल्या. आवळला दादानेच होता.

"आखो वरड," दादा म्हणाला. "बोल्ट भ्याईसन निघी जाई."

आणि बोल्ट खरोखरच माझ्या ओरडण्याला भ्यायल्यासारखा निघाला. दादा हसता हसता मागे बसला. दारातून वहिनी हसल्या, माझी बायको हसली. किती दिवसांनी त्या दोघी एका दारात उभ्या राहून हसत होत्या. चहा आला. जुनी चेन काढून गोणपाटावर टाकली तेव्हा ती मेलेल्या सापासारखी पडली. मागचं चाक उतरवलं, स्प्रॉकेटच्या नटांखालच्या वाकवलेल्या पट्ट्या छिन्नीने सरळ केल्या. जुन्या स्प्रॉकेटचे दाते एका अंगाने झिजून गळाच्या टोकासारखे वाकले होते. दादाने ते माझ्या हातात दिलं. मी अंगठ्याने एकेक दाता चाचपला आणि म्हटलं, "हे सगळं ओझं आपण ओढलं." तो चिंधीने हात पुसत राहिला.

नवं स्प्रॉकेट बसलं. चाक परत चढलं. नवी चेन तेलात ओलसर, चकचकीत. तिची दोन टोकं दात्यांवर एकमेकांसमोर आणून दादाने जोडकडी घातली, वरचा बारीक चाप पक्कडीने बसवला, त्याचं बंद तोंड पुढच्या दिशेला आहे ना ते पुन्हा पाहिलं. आता उरलं ते ताण धरणं. चेन घट्ट ठेवली तर माणूस बसल्यावर ताणून तुटायला येते, सैल ठेवली तर घसरते. म्हणून आमची जुनी रीत अशी होती: आम्ही दोघांनी गाडीवर बसायचं, मांडीवर गठ्ठा घ्यायचा आणि गल्लीतल्या कुणाला तरी बुचाच्या भोकातून बोट घालून चेन किती हलते ते पाहायला सांगायचं. मग उतरून दादा मागचे पेच फिरवायचा. ज्या वजनाची गाडी, त्या वजनाचा ताण.

मी आत जाऊन साड्यांचा गठ्ठा घेऊन आलो.

"तो ठेव," दादा म्हणाला. "तू बठ."

मी मागच्या सीटवर बसलो.

"म्होरे बठ."

मी पुढे सरकलो. "आते तू बी बठ ना मांगे."

"नही. तू येकलाच बठ. तुनंच माप धरनं शे."

तो खाली उकिडवा बसला, चेनच्या पेटीत बोट घातलं आणि मान वर न करता म्हणाला, "आते गाडीवर तू येकलाच ऱ्हाशी."

मी हँडल धरून बसून होतो. दारात कुणी हसत नव्हतं. वहिनी आत गेल्या होत्या. दादाने पेच अर्धा फेरा फिरवला, पुन्हा बोट घातलं, दुसऱ्या बाजूचा पेच तेवढाच फिरवला. त्याच्या डोक्याचा मधला भाग मला वरून दिसत होता. केस विरळ झाले होते. तेव्हा मला सगळं एकदम समजलं, आणि समजलं म्हणून नव्हे, आधीच समजायला हवं होतं म्हणून मी पेटलो.

आमच्याकडे वाटणीची एक रीत आहे. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरला वाकडं माप करत नाही. आणि वाट्यात मोडकी वस्तू ठेवायची नाही. माझे वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा मी लहान होतो, पण मला आठवत होतं, वाटणीच्या आधी वडिलांनी नांगराचा फाळ लोहाराकडून शेवटून, नवं टोक चढवून आणला, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव बदलून घेतली, गायीचं दावंसुद्धा नवं वळलं. का, तर ज्याच्या वाट्याला जाईल त्याने उद्या म्हणू नये की मला मोडकं दिलं. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ते नांगराचं होतं, बैलगाडीचं होतं. सुरतेत, शंभर सीसीच्या गाडीवर बसून ते माझ्या डोक्यात कसं यावं? मला वाटलं, हा गाडी दुरुस्त करतो आहे म्हणजे राहतो आहे. आमच्या गावचं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं की घरात दुरुस्ती निघाली म्हणजे घर फुटणार.

मी उतरलो आणि गाडीला लाथ मारली. ती पडली नाही, दादाने धरली. मी जे बोललो ते गल्लीने ऐकलं. मी म्हटलं, डिंडोलीला खोली पाहताना मी मेलो होतो का? वहिनीच्या माहेरला आधी कळतं आणि पाठच्या भावाला नळावरून कळतं? मी काय कमी केलं ते सांग, जे म्हणशील ते भरून देतो. दादा ऐकत राहिला. मी थांबलो तेव्हा तो म्हणाला, "संध्याकाळले मामा येवावं शे. हात धुई ले."

मामा म्हणजे आमच्या गावचे, लिंबायतमध्येच राहणारे एक म्हातारे. वाटणीला साक्षी लागतो म्हणून बोलावलेले. ते आले, पाणी प्यायले, भिंतीला टेकून बसले. दादाने दोन वाटे तोंडाने सांगितले. एका वाट्याला गाडी, साड्यांचा सगळा माल, सगळी गिऱ्हाइकं आणि ही राहती खोली. दुसऱ्या वाट्याला शिलाई मशीन, टीव्ही आणि भांडी.

मामांनी डोळे बारीक केले. "हाई कशी वाटनी रे?"

"अशीच शे," दादा म्हणाला.

"आते तू उचल," मामा मला म्हणाले.

मी अख्खं आयुष्य बायाबापड्यांपुढे दोन साड्या टाकत आलो. एक झगझगीत, एक मुद्दाम फिकी. त्यांना वाटतं त्यांनी निवडली. आता माझ्यापुढे तसेच दोन वाटे पडले होते, आणि टाकणारा होता तो कधी रुमालही न विकलेला माणूस. फरक एवढाच की त्याने फिकं स्वतःसाठी ठेवलं होतं. ज्या रीतीने थोरल्याला वाकडं माप करता येत नाही, त्याच रीतीने त्याने ते केलं, माझ्या बाजूला वाकडं.

मी म्हटलं, हे मला मान्य नाही. माल अर्धा कर. गिऱ्हाइकं अर्धी कर. गाडी एक आठवडा तुझी, एक आठवडा माझी. मी रागाने म्हटलं, हट्टाने म्हटलं, पण मला काय हवं होतं ते मलाच माहीत. मला हवं होतं की त्याने म्हणावं, नाही, माल पाऊण माझा. मग मी ओरडलो असतो, तो ओरडला असता, मामा मध्ये पडले असते, रात्र झाली असती, उद्यावर गेलं असतं, परवावर गेलं असतं. जोवर गिऱ्हाईक भांडतंय तोवर ते गेलेलं नसतं. मुकाट्याने पिशवी उचलतं ते गेलं.

दादा म्हणाला, "उचल, बापू." लहानपणी तो मला बापू म्हणायचा. सुरतेत आल्यापासून कधी म्हणाला नव्हता.

मला एकदा वाटलं, दुसरा वाटा उचलावा. शिलाई मशीन आणि भांडी. त्याचा सगळा बेत उधळून टाकावा. मग त्याला गाडी घ्यावी लागेल, ही खोली घ्यावी लागेल, आणि डिंडोलीला मला जावं लागेल. पण तरीही जाणारच होतं कुणीतरी. त्या दोन वाट्यांमध्ये, कसेही उचलले तरी, दादा आणि मी एका वाट्यात कुठेच नव्हतो. मी गाडीची किल्ली उचलली. मामा म्हणाले, झालं.

दोन दिवसांनी हातगाडीवर सामान गेलं. माणसं मागून रिक्षाने जाणार होती. मी गाडी काढून दारात उभी केली होती आणि म्हटलं होतं, दादा, तू मागे बस, मी सोडतो, वहिनी आणि पोरगी रिक्षात येतील. तो म्हणाला, "नको. तेस्ना संगेच जास."

रिक्षा आली. वहिनी पोरीला मांडीवर घेऊन बसल्या. माझी बायको त्यांचा हात धरून उभी होती. दादाने भाडं विचारलं, रिक्षावाल्याने सांगितलं आणि दादा हो म्हणून आत पाय टाकायला लागला.

मी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "इतनी दूर का इतना?" मी रिक्षावाल्याला म्हटलं. "लूट मचाई है क्या?"

"चाचा, बैठना है तो बैठो."

मी अर्ध्यावर आलो. तो हसला. मी त्याच्याही खाली गेलो, इतका खाली की कुठलाही रिक्षावाला चिडून गिअर टाकून निघून गेला असता. मला तेच हवं होतं. तो गेला असता तर दुसरी रिक्षा शोधावी लागली असती, मी तिच्याशीही तसाच भांडलो असतो, तोवर ऊन चढलं असतं, कुणीतरी म्हटलं असतं की जेवूनच जा. मी मोठमोठ्याने बोलत होतो. पान खाणारे थांबून पाहत होते. दादाचा दंड माझ्या हातातच होता आणि तो सोडवून घेत नव्हता.

रिक्षावाल्याने आत पाहिलं. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या, पोरगी त्यांच्याकडे पाहत होती. मग त्याने माझ्या हाताकडे पाहिलं.

"ठीक है चाचा," तो म्हणाला. "जो बोला वो दे दो."

भाव ठरला. मी दादाचा दंड सोडला. तो आत बसला, आणि रिक्षा गेली.